बटाट्याचा ठसा, गोक्को आणि 'किती प्रती?'

लहानपणी भेंडी कापून, रंगात बुडवून दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर फुलं उमटवली असतील तुम्ही. जपानात हेच काम बटाटा किंवा रताळं कोरून करतात. त्याला 'इमोबान' म्हणतात. डिसेंबरच्या शेवटी पोरं ठसे कोरतात, अक्षर उलटं कोरायचं विसरतात, आणि मग कार्डावर सगळं आरशातल्यासारखं उमटतं. ही कार्डं म्हणजे 'नेंगाजो', नववर्षाची पोस्टकार्डं. माझ्या संशोधनाचा एक तुकडा त्यांच्यावर आहे.

प्रस्तावात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: छपाईचं यंत्र घरात आलं आणि हस्तकला मेली. मार्गदर्शक मॅडमनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, 'किती प्रती?' मला आधी कळलंच नाही त्या काय विचारतायत ते.

थोडी पार्श्वभूमी देतो. जपानमध्ये पोस्टकार्ड आलं 1873 साली. त्यामुळे नववर्षाला घरोघरी जाऊन शुभेच्छा देण्याऐवजी कार्ड धाडणं सोपं झालं. 1899 मध्ये टपाल खात्याने खास सोय सुरू केली: डिसेंबरात कार्डं स्वीकारायची, राखून ठेवायची आणि 1 जानेवारीला वाटायची. युद्धकाळात ती बंद पडली, नंतर पुन्हा सुरू झाली. 1949 मध्ये तर सोडतीचा क्रमांक छापलेली कार्डं निघाली. पहिल्या वर्षी सर्वांत मोठं बक्षीस होतं शिवणयंत्र! 2003 साली छापलेल्या कार्डांची संख्या सुमारे 446 कोटींवर गेली, म्हणजे माणशी जवळपास 35. यात कंपन्यांचीही कार्डं आली, हे खरं. तरीही एका घरातून किती जात असतील, अंदाज करा.

इथे मॅडमचा प्रश्न लागू पडतो. नातेवाईक, शिक्षक, ऑफिसातले वरिष्ठ, जुने शेजारी अशी यादी असेल तर प्रत्येक कार्ड वेगळं रंगवणं कुणाला जमणार? म्हणजे 'हाताने केलेलं' नेंगाजो बहुतेक वेळा पहिल्यापासून अनेक प्रतींतच होतं. बटाटा हेसुद्धा प्रती काढायचं साधनच की! हात विरुद्ध यंत्र ही माझी मांडणीच चुकलेली होती.

मग आलं 'प्रिंट गोक्को'. रिसो कागाकू या कंपनीने 1977 मध्ये आणलेला, टेबलावर मावणारा छापखाना. 'गोक्को' म्हणजे लुटुपुटूचा खेळ, आपल्या भातुकलीसारखा. कार्बन असलेल्या शाईने चित्र काढायचं, त्यावर पातळ फिल्मची जाळी दाबायची आणि फ्लॅशचे बल्ब उडवायचे. काळ्या रेषा तापतात, तेवढ्याच जागी फिल्म वितळून भोकं पडतात. जाळीवर ट्यूबमधून शाई पिळा आणि झाकण दाबून कार्डं काढत बसा. शाई मात्र सावकाश वाळते, त्यामुळे कार्डं घरभर पसरून ठेवावी लागतात. अशी यंत्रं एक कोटीहून जास्त खपली. ही हस्तकला की छपाई? करणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसावा. चित्र आपलं, शाई आपली, हात काळे झालेले.

आता पद्धतीबद्दल, कारण तुम्ही याच कामात उतरणार आहात. छायाचित्रांत पुष्कळदा कार्डाची चित्राचीच बाजू मिळते. समजा त्यावर वाघ आहे आणि ते गोक्कोवर छापलंय हे पक्कं आहे. प्राण्यांचं चक्र 12 वर्षांचं, म्हणजे वर्ष 1986, 1998 किंवा 2010. (1974 ही वाघाचंच, पण तेव्हा गोक्को नव्हतं.) पाठची बाजू मागवा. टपालाचा दर 40 येन दिसला तर 1986, 50 येन दिसला तर उरलेली दोन. आणि वाघाच्या वर्षाचं कार्ड तयार झालंय आदल्या डिसेंबरात, हे विसरू नका. मी विसरलो होतो, तक्ता पूर्ण बदलावा लागला.

दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. बिघडलेलं कार्ड टपाल कचेरीत थोडं शुल्क भरून बदलून मिळतं. म्हणजे फसलेले प्रयत्न, उलटी अक्षरं, सांडलेली शाई, यातलं पुष्कळसं सरकारी खिडकीतूनच नाहीसं झालं. जे उरलं ते पाठवणाऱ्याच्या घरी नाही, घेणाऱ्याच्या घरी. आपल्यासमोर येतो तो साठा दोनदा चाळलेला असतो. त्यावरून 'लोक सुबक कार्डं करत' असं लिहिलं तर ते बरोबर कसं ठरेल?

गोक्को यंत्राची विक्री 2008 मध्ये थांबली. घरोघरी संगणक आणि प्रिंटर आले होते. त्यानंतर कार्डंही घटली, 2025 साठी सुमारे 107 कोटीच छापली गेली. पण प्रिंटरवर काढलेल्या कार्डांच्या तळाशीसुद्धा पेनाने लिहिलेली एखादी ओळ सापडते: यंदा भेटू, बाळ कसं आहे, असली. पूर्वी मी ती ओळ 'इतर मजकूर' या रकान्यात टाकायचो. सध्या तोच रकाना पुन्हा पहिल्यापासून भरतोय.