मोट, मोटर आणि कोरडी विहीर

परवा गावाहून काकांचा फोन आला. "मोटर जळाली." दोनच शब्द. रात्री दोनला लाइट आली, ऑटोने मोटर सुरू झाली आणि विहिरीतलं पाणी संपलं तरी ती फिरतच राहिली. सकाळी काका गेले तर तळाशी मोटर उघडी पडलेली आणि वाइंडिंग जळालेलं. कांदा ऐन पाण्यावर आलेला! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लूप लिहिला होता, पण त्यातून बाहेर पडायची अट लिहायची राहून गेली होती.

मग वाटलं, पूर्वी ही अट कोण लिहायचं?

मोटेच्या काळात ती बैल लिहायचे. बैल धावेवरून उतरले की नाडा ओढला जायचा, चामड्याची मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. पाणी तळाला गेलं की मोट अर्धीच भरायची. बैलांची ओढ हलकी व्हायची आणि मोट हाकणाऱ्याला ते लगेच कळायचं. बैल सोडले की विहिरीलाही विश्रांती. सगळं एका जागी!

नंतर इंजिनं आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ती लोखंडी नांगरांसाठी. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंजिनावरचा पंप हवा ओढायला लागला की भार कमी व्हायचा, इंजिनाचा आवाज बदलायचा. चार वावरं लांब असलेला माणूसही तो ऐकून धावत यायचा.

पण वर बसवलेल्या पंपाला एक मर्यादा असते. तो पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो खरं, प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो. टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्यावर प्रयोग करून हे दाखवलं. पाण्याच्या बाबतीत हा हिशोब फार तर १०.३ मीटरचा, व्यवहारात सहा-सात मीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे विहिरी खोल होत गेल्या, बोअर पडले. मग मोटरच पाण्यात सोडायची वेळ आली. ही कल्पना तेलविहिरींसाठी आधीच सिद्ध झाली होती. आर्मेस अरुटुनॉफ हा रशियातून अमेरिकेत गेलेला आर्मेनियन इंजिनियर १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे असे पंप चालवत होता.

आता गंमत बघा. पाणबुडी मोटरला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं, पंपाच्या बेअरिंगला वंगणही त्याचंच. पाणी गेलं की दोन्ही गेलं. "पण स्टार्टरला ओव्हरलोड रिले होता की!" काका म्हणाले. होता, पण तो करंट वाढला तरच तुटतो. कोरड्या पंपाला उचलायला काही नसतं, त्यामुळे करंट उलट कमी होतो. रिलेच्या मते सगळं झकास चाललेलं असतं! म्हणून वेगळी राखण लागते. एक तर विहिरीत इलेक्ट्रोड सोडून पाण्याची पातळी बघायची, नाहीतर करंट ठराविक आकड्याखाली गेला की मोटर बंद करणारा रिले लावायचा. बैलांची हलकी झालेली ओढ, आता अँपिअरमध्ये.

काकांनी दुसरा प्रकार बसवला. त्यात टायमर असतो, ठरलेल्या वेळाने मोटर पुन्हा सुरू होते. इथे मात्र मी थबकलो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, तेही थोडं. ते हळूहळू पाझरतं. दर तासाला मोटर पुन्हा चालू झाली तर पाझरलेलं सगळं लगेच उपसलं जाणार. पंप वाचला, विहिरीचं काय?

म्हणून काकांना एवढंच सांगितलं, की टायमर लांबचा ठेवा आणि मोटर किती मिनिटांनी तुटली ते रोज कॅलेंडरवर लिहा. पहिल्या दिवशी ५० मिनिटं होती. तीन आठवड्यांनी ३५.

काल पुन्हा फोन आला. "उन्हाळी भुईमूग यंदा अर्ध्याच वावरात करतो," काका म्हणाले. कांदा थोडा करपला, पण निघेल. मोटेचे बैल जे सांगायचे, ते आता कॅलेंडर सांगतंय. ऐकणारा माणूस तेवढा पाहिजे.

असो.