भेंडवळची घटमांडणी : पावसाच्या प्रतीक्षेतील ऋतुविधी

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ हे एक लहानसे खेडे. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला मात्र वऱ्हाडासह खानदेशातील शेतकऱ्यांचे लक्ष या गावाकडे लागलेले असते. त्या दिवशी सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास वर्षभराचे पीकपाणी सांगितले जाते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. त्यांचे वंशज आजही ती चालवितात.

मांडणी कशी होते?

शेतात वर्तुळाकार घट आखून त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. त्यांत गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी, भादली आदींचा समावेश असतो. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजे, वडा असे पदार्थ मांडतात. पानाचा विडा व सुपारीही ठेवतात. त्यानंतर रात्रभर तेथे कोणीही फिरकत नाही.

पहाटे घटातील बदलांचे निरीक्षण होते. जे ढेकूळ अधिक भिजले, त्या महिन्यात पाऊस अधिक. जे कोरडे राहिले, त्या महिन्यात ओढ, असा संकेत आहे. धान्य जागेवर राहिले की विखुरले, यावरून त्या पिकाचे भवितव्य सांगतात. विडा हे राजसत्तेचे, पुरी पृथ्वीचे, करंजी आर्थिक स्थितीचे, तर कुरडई चाऱ्याचे प्रतीक मानली जाते. भादलीवरून रोगराई आणि मसुरावरून परचक्राचे भय पाहिले जाते. २०२० च्या टाळेबंदीतही ही मांडणी मोजक्या लोकांच्या उपस्थितीत झाली.

सूर्याचा सण आणि पावसाचा विधी

ऋतूच्या वळणावर विधी करण्याची प्रथा जगभर आढळते. युरोप-अमेरिकेतील आधुनिक निसर्गपूजक पंथ, विशेषतः विक्का आणि ड्रुइड, २१ जूनच्या सुमारास वर्षातील सर्वांत मोठा दिवस साजरा करतात. त्यांच्या वर्षचक्रातील आठ सणांपैकी हा एक. ‘लिथा’ हे त्याचे आज रूढ असलेले नाव १९७० च्या दशकात प्रचारात आले. इंग्लंडमधील स्टोनहेंज येथे त्या दिवशी सूर्योदय पाहण्यासाठी हजारो लोक जमतात. थंड प्रदेशात सूर्य दुर्मीळ, म्हणून सण सूर्याच्या उत्कर्षाचा.

बुलढाण्यात परिस्थिती उलट आहे. हा जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या उत्तरार्धात. २१ जूनला तो मध्यान्ही किंचित उत्तरेस सरकलेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असला, तरी शेतकऱ्याचे डोळे ढगांकडे लागलेले असतात. उन्हाचे येथे अप्रूप नाही; अप्रूप आहे ते पावसाचे. त्यामुळे येथील ऋतुविधी दक्षिणायनारंभाला न होता, मशागतीच्या दिवसांत, पेरणीपूर्वी होतो.

श्रद्धा आणि हिशेब

या विधीमागील व्याकुळता समजून घ्यायची, तर येथील जमीन पाहावी लागते. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीकडे उतरत जाणाऱ्या या भागाचा मोठा पट्टा खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे खारे पाणी पिकांना चालत नाही, त्यामुळे शेतीची सारी भिस्त पावसावर. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट येते. बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो आणि अनेकदा त्यासाठी कर्ज काढावे लागते.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांवर सातत्याने आक्षेप घेतला आहे. उघड्या शेतात वारा, मुंग्या, पाखरे व उंदीर यांमुळे धान्य हलते, त्याचा मॉन्सूनशी कार्यकारणसंबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘कमी-अधिक पाऊस’ यांसारखी मोघम विधाने कोणत्याही वर्षाला लागू पडतात, हाही आक्षेप रास्त आहे. दुसरीकडे, भारतीय हवामान विभाग १८८६ पासून मॉन्सूनचा दीर्घकालीन अंदाज देत आला आहे. परंतु तो विस्तृत प्रदेशासाठी आणि संभाव्यतेच्या भाषेत असतो. आपल्या शिवारात कोणत्या आठवड्यात पाऊस पडेल, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही. ही पोकळी घटमांडणी भरून काढते, निदान तसे वाटते.

पेरणीचा निर्णय मात्र घटावर सोपविणे धोक्याचे ठरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. भेंडवळला जाऊन भाकीत ऐकणारे अनेक शेतकरीही तिफण जुंपण्यापूर्वी मातीत हात घालून ओल किती खोल गेली, ते पाहतात. लोकपरंपरा म्हणून घटमांडणीचे मोल आहेच. पेरणीचा कौल मात्र त्या ओलीचाच घ्यावा.