दाढीच्या पात्याची धार

दाढीचें पातें ही वस्तु इतकी क्षुल्लक आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. दुकानांत चार पैसे टाकले कीं तें मिळतें, आणि चार-सहा दिवस वापरून झालें कीं तें टाकून देतां येतें. परंतु बाजारांत जाणाऱ्या प्रत्येक गृहस्थास एक अनुभव असतो. एका नांवाच्या पात्यानें गाल गुळगुळीत होतो, दुसऱ्या नांवाच्या पात्यानें तोच गाल आग झाल्यासारखा चुरचुरतो. दोन्ही पातीं पोलादाचीं, दोन्हींचा आकार तोच, जाडीहि तीच. मग हा फरक येतो कोठून? याचें उत्तर शोधूं लागलें असतां धातुशास्त्राइतकाच व्यापाराचा इतिहासहि उलगडावा लागतो. कारण उत्तम पातें करण्याची विद्या आणि उत्तम पातें विकण्याची इच्छा हीं दोन्ही नेहमींच एका घरीं नांदलीं, असें झालेलें नाहीं.

पूर्वी दाढी वस्तऱ्यानें होत असे. जर्मनींतील सोलिंगेन व इंग्लंडांतील शेफील्ड हीं गांवें वस्तऱ्यांसाठीं नांवाजलेलीं होतीं. महाराष्ट्रांत बारा बलुतेदारांपैकीं न्हावी आपल्या धोकटींत वस्तरा, कातर, वाटी आणि धार लावण्याचा दगड घेऊन घरोघर जाई. वस्तरा पिढ्यान् पिढ्या टिके. पण त्याची धार कांहीं तशी टिकत नसे. ती दगडावर घांसून व चामड्याच्या पट्ट्यावर पालथी-उलथी फिरवून पुन्हां पुन्हां आणावी लागे. म्हणजे वस्तरा लोहारानें किंवा कारखान्यानें केलेला असला, तरी धार मात्र न्हाव्याच्या हातची असे. गिऱ्हाइकानें ज्याची पारख करावयाची, तें पोलाद नसून हा हात होता.

हा हात ज्याला साधत नाहीं, त्यानेंहि स्वतःची दाढी निर्भयपणें करावी, ही कल्पना प्रथम युरोपांत निघाली. पॅरिस येथील झां-झाक पेरे नांवाच्या एका सुरी-कात्र्या करणाऱ्या कारागिरानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वस्तऱ्यास लांकडी आवरण बसविलें. त्यामुळें पातें कातडींत खोल शिरेनासें झालें. पुढें १८८० सालीं न्यूयॉर्क येथील काम्फे बंधूंनीं आडव्या पात्याच्या रेझरचें पेटंट मिळविलें. मात्र त्याचेंहि पातें जाड व पाचरीसारखें होतें, आणि त्याला धार लावण्याची कटकट गेलेली नव्हती.

ती कटकट घालविण्याचा विचार किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यांत आला. बाटल्यांना लावण्याचें पत्र्याचें झांकण काढणारा विल्यम पेंटर हा त्याचा मालक. लोक एकदां वापरून टाकून देतील आणि पुन्हां विकत घ्यावयास येतील अशी एखादी वस्तु काढ, असा उपदेश पेंटरनें त्याला केला होता. १८९५ सालीं बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथें, बोथट झालेला वस्तरा हातांत असतां, जिलेटला ती वस्तु सुचली. जाड वस्तऱ्यांत उपयोगी पडते ती केवळ धार. मग बाकीचें पोलाद हवें कशाला? पातळ पत्र्याच्या तुकड्यास दोन्ही बाजूंनीं धार लावावी आणि ती गेली कीं तुकडा फेंकून द्यावा.

कल्पना सोपी होती, पण जाणत्या लोकांनीं ती अशक्य ठरविली. इतक्या पातळ पत्र्यास कठीण केलें तर तो वांकडातिकडा होईल, आणि कठीण केलें नाहीं तर त्याला धार राहणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. ही अडचण विल्यम निकरसन या यंत्रज्ञानें यंत्रें रचून सोडविली. १९०१ सालीं कंपनी स्थापन झाली. १९०३ सालीं अवघे ५१ रेझर व १६८ पातीं खपलीं. पुढल्याच वर्षीं रेझरांचा खप ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेनें आपल्या सैनिकांसाठीं सुमारें ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पातीं घेतलीं. विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसत नाहीं, आणि खंदकांत न्हावी मिळत नाहीं. तेव्हां रोजची दाढी ही केवळ टापटिपीची बाब राहिली नव्हती. युद्धावरून परतलेला सैनिक ही संवय घरीं घेऊन आला. अमेरिकेंतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या आरशाच्या कपाटामागें एक बारीक फट ठेवलेली असे. वापरलेलीं पातीं तींतून भिंतीच्या पोकळींत टाकीत. टाकून देणें हा दिनचर्येचाच भाग झाला होता.

येथें एक पालट झाला, तो नीट ध्यानांत घ्यावयास हवा. धार राखण्याचें काम न्हाव्याच्या हातून निघून कारखान्याकडे गेलें. न्हाव्याची धार चांगली टिकली तर त्याचे श्रम वांचत. कारखान्याची धार चांगली टिकली तर मात्र त्याचा खप घटे. गिऱ्हाइकाचें हित आणि विक्रेत्याचें हित यांच्या वाटा येथें फुटल्या. अर्थात् पातें अगदींच वाईट असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाई. १९२१ सालीं जिलेटच्या पेटंटाची मुदत संपल्यावर तसे दुसरे पुष्कळ निघाले. तरीहि तीन-चार दाढ्यांपुरतें पातें ही मर्यादा जणूं निसर्गनियम म्हणून सर्वांनीं मान्य केली होती.

या मर्यादेचें कारण त्या काळच्या पोलादांत होतें. पात्यांचें पोलाद म्हणजे कार्बन पोलाद. त्याला धार उत्तम येते, परंतु तें पाण्यानें गंजतें. गंज डोळ्यांना दिसण्याच्या पुष्कळ आधीं तो धारेच्या टोंकाला खातो. आज दाढी करून ओलें ठेवलेलें पातें उद्यां खरखरीत लागतें, त्याचें कारण बव्हंशीं हेंच. क्रोमियम मिसळलेलें, म्हणजे न गंजणारें स्टेनलेस पोलाद विसाव्या शतकाच्या आरंभींच माहीत झालें होतें, आणि त्याचीं पातींहि निघालीं होतीं. परंतु क्रोमियम व कार्बन यांच्या संयोगानें त्यांत कठीण व ओबडधोबड कण तयार होत. घांसतांना ते कण निखळत आणि धार करवतीसारखी होई. म्हणून टिकाऊ पातें हवें तर तें कमी धारदार घ्यावें, आणि धारदार हवें तर तें अल्पायुषी घ्यावें, असा पेंच होता.

हा पेंच १९६०च्या सुमारास सुटला. त्यांत दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली पोलादाची. सुमारें १३ टक्के क्रोमियम व अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कार्बन असलेलें, अगदीं बारीक कणांचें पोलाद मिळूं लागलें. तें हजार अंशांहून अधिक तापवून एकदम थंड करावयाचें, नंतर शून्याखालीं पुष्कळ गारठवावयाचें, आणि मग पुन्हां बेतानें तापवावयाचें, ही क्रिया साधली. दुसरी गोष्ट लेपाची. धारेवर टेफ्लॉनसारख्या निसरड्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर भाजून बसविला कीं, पातें केंसांत अडकत नाहीं व ओढहि बसत नाहीं. त्यामुळें स्टेनलेस पातें कार्बन पात्याइतकेंच, किंबहुना अधिक सौम्य लागूं लागलें.

नवलाची गोष्ट ही कीं, हें पातें बाजारांत जोरानें आणलें तें त्या धंद्यांतील सम्राटानें नव्हे. तें आणलें लंडनच्या विल्किन्सन सोर्ड या कंपनीनें. तिचा वंश १७७२ सालच्या एका बंदुका करणाऱ्या कारागिरापर्यंत पोंचतो, आणि तिची ख्याति तलवारींची व पुढें बागकामाच्या हत्यारांची. १९६१-६२ सालीं तिचें स्टेनलेस पातें इंग्लंडांत व अमेरिकेंत विक्रीस आलें. अमेरिकेंत तर प्रारंभीं तें बागेच्या कात्र्या विकणाऱ्या दुकानांतून मिळे. लोक त्यासाठीं दुकानें धुंडाळीत. एका पात्यावर तीन-चारांऐवजीं त्याच्या कित्येक पट दाढ्या होतात, ही बातमी तोंडोतोंडीं पसरली. धारेवरील लेपाचें पेटंट जिलेट कंपनीपाशींच होतें आणि विल्किन्सनला त्याबद्दल तिला मोबदला द्यावा लागे. म्हणजे ज्या विद्येनें दीर्घायुषी पातें शक्य झालें, तिचा मोठा भाग जिलेटच्याच घरांत होता; बाजारांत पुढें जाण्याचें साहस मात्र दुसऱ्यानें केलें. खप कमी करणारें पातें आपण होऊन काढण्याची घाई ज्याचा खप सर्वांत मोठा त्याला नसावी, हें मनुष्यस्वभावास धरूनच होतें. अखेर १९६३ सालीं जिलेटनेंहि स्टेनलेस पातें काढलें. गिऱ्हाइकांनीं दोन पातीं शेजारीं ठेवून पारखलीं नसतीं, तर हा दिवस आणखी कितीतरी लांबला असता.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १९७१ सालीं जोडपात्यांचा रेझर आला आणि पुढें पात्यांची संख्या तीन, चार, पांच अशी वाढत गेली. तरीहि दुधारी पातें नाहींसें झालें नाहीं. जपानांतील सेकी या तलवारींसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं उगम पावलेलें ‘फेदर’, सेंट पीटर्सबर्ग येथें अनेक वर्षें तयार झालेलें ‘अस्त्रा’, तुर्कस्तानांतील ‘डर्बी’ आणि ठाण्याच्या कारखान्यांतून निघून देशोदेशीं गेलेलें ‘सुपरमॅक्स’ हीं त्यांतलीं कांहीं जाणकारांच्या परिचयाचीं नांवें. फेदरची धार अत्यंत तीक्ष्ण म्हणून ख्यात आहे, डर्बी सौम्य मानतात, आणि अस्त्रास मधलें स्थान देतात.

परंतु यांत श्रेष्ठ कोणतें, हा प्रश्न तितकासा सरळ नाहीं. दाट व राठ केंसांवर सौम्य पातें फिरविलें तर तें केंस कापण्याऐवजीं ओढतें. तेंच पातें विरळ दाढीच्या व नाजूक कातडीच्या माणसास सुखावह वाटतें. शिवाय रेझरमध्यें पात्याची कड किती बाहेर येते, त्यावरहि बरेंच अवलंबून असतें. म्हणून पातें पारखावयाचें तर रेझर तोच, साबण तोच व दाढीची वाढहि तेवढीच असावी. बदलावें तें फक्त पातें. पहिल्या दिवसाच्या अनुभवावर निकाल देऊं नये. तिसऱ्या व पांचव्या दाढीस तें कसें चालतें तें पाहावें, आणि त्याच पुडक्यांतील दुसरें पातेंहि पहिल्यासारखेंच निघतें कीं नाहीं तें तपासावें. आणि दाढी दोन-तीन मिनिटें कोमट पाण्यानें भिजवावी. भिजलेला केंस कापावयास कोरड्या केंसापेक्षां पुष्कळ कमी जोर लागतो. पुष्कळदां पात्यास दिलेला दोष वस्तुतः या घाईचा असतो.

केंसासारख्या मऊ वस्तूनें पोलाद बोथट कसें होतें, याचा उलगडा फार अलीकडे झाला. केंसाहून पोलाद सुमारें ५० पट कठीण. त्यामुळें धार हळूहळू झिजून गोल होत असावी, असा समज होता. २०२० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनीं कापण्याची क्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. केंस धारेशीं विशिष्ट कोनांत वांकला आणि त्याच ठिकाणीं पोलादाची घडण एकजिनसी नसली, म्हणजे धारेचा सूक्ष्म टवका उडतो, असें त्यांना आढळलें. म्हणजे सोळा आणे कठीण पोलादापेक्षां सर्वत्र सारख्या घडणीचें पोलाद अधिक मोलाचें. एका पुडक्यांतील दहा पात्यांत एखादेंच खोडसाळ निघतें, त्याचें कारणहि कदाचित् यांतच सांपडेल.

न्हाव्याची धार पारखणें गिऱ्हाइकास सोपें होतें, कारण तो समोर बसलेला असे आणि गाल चुरचुरला तर त्याला तेथल्या तेथें सांगतां येई. कारखाना दूर आहे. त्याला सांगावयाचें तर एकच मार्ग उरतो. तो म्हणजे जाहिरातीकडे न पाहतां आपल्या गालाची साक्ष घेऊन पुढचें पुडकें विकत घेणें. साठ वर्षांपूर्वी त्या साध्या साक्षीनें जगांतील सर्वांत मोठ्या पातें-कारखान्यास आपली रीत बदलावयास लावली होती.