घरात काय होतं?

२२ जुलै २०२१. वरंध घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड तालुक्यात त्या दिवशी दोन आपत्ती आल्या. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले.

ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य सरकारने साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत आणि घरातलं सामान गेलेल्या कुटुंबाला १० हजार रुपये. मदतीच्या सरकारी निकषांत या शेवटच्या रकमेला जुनं नाव आहे, कपडे आणि भांडी. फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं सामान, सगळं या दोन शब्दांत मोजायचं.

सरकारी मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. ती तगून राहण्यापुरती असते. भरपाईचं काम विम्याचं. पण आपल्या भागात विमा म्हटलं की लोकांना एलआयसी आठवते, नाहीतर गाडीचा विमा. घरातल्या सामानाचाही विमा असतो हे फारसं कुणाच्या गावी नसतं. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहू. त्या विम्यात काय मिळतं आणि काय नाही, हे या इतिहासातूनच नीट कळतं.

१६६६ मध्ये लंडनला मोठी आग लागली. सुमारे १३ हजार घरं जळाली. त्यानंतर निकोलस बार्बन या डॉक्टरने, जो पुढे घरं बांधण्याच्या धंद्यात उतरला होता, १६८०च्या सुमारास आगीच्या विम्याची कचेरी काढली. विटांच्या घराला कमी हप्ता, लाकडी घराला दुप्पट. पण हा विमा होता फक्त इमारतीचा. आतल्या सामानाचा विचार व्हायला आणखी पाव शतक गेलं. १७०८ मध्ये चार्ल्स पोवी याने जंगम मालाचा विमा सुरू केला आणि त्यातूनच १७१० मध्ये ‘सन फायर ऑफिस’ उभं राहिलं. म्हणजे घर आणि घरातलं सामान या विम्याच्या दृष्टीने पहिल्यापासून दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकाचा विमा काढला म्हणजे दुसऱ्याचा आपोआप झाला, असं धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट कारणाची. हा विमा आगीचा होता, ‘काहीही झालं तरी पैसे’ असा नव्हता. याचा अर्थ काय होतो हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ला पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. आधी आग लागली, मग अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. आजूबाजूची गोदामं आणि वस्त्या जळाल्या. गोदीत आणि जहाजांवर कोकणातली माणसं किती होती, हे आपल्याला सांगायला नको. आगीच्या विम्यात हा स्फोट बसतो का, हा पेच उभा राहिला. शेवटी सरकारलाच वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी घ्यावी लागली.

आगीशेजारी इतर संकटं त्या यादीत नंतर बसली. वादळ, पूर, दंगल, जमीन खचणं, दरड. भूकंपासाठी तर अगदी अलीकडेपर्यंत वेगळा हप्ता भरावा लागायचा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकसारखी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी विकायला लावली. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं मूळ यादीतच आहे. महाड बुडालं तेव्हा या पॉलिसीला चार महिनेही झाले नव्हते.

या पॉलिसीची कागदपत्रं मी कोकणातलं घर डोळ्यांसमोर ठेवून वाचली. घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाला संरक्षण मिळतं. घर १५ लाखांचं धरलं, तर सामानाला तीन लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा काढता येतो. पुरानंतर घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत त्यामुळे चोरी झाली, तर तीही धरली जाते.

आता काय मिळत नाही ते. रोख रक्कम, कागदपत्रं, वाहन यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. वर घर आणि खाली दुकान ही महाडच्या बाजारपेठेतली नेहमीची रचना, पण दुकानातला माल घरसामान ठरत नाही. भिंतीत वर्षानुवर्षं मुरलेली ओल यादीत नाही. आणि डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी नीट वाचावी अशी एक अट आहे. दरड आणि जमीन खचणं धरलेलं असलं, तरी नदीने काठ कापल्यामुळे, भराव दबल्यामुळे किंवा खोदकामामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. घरासाठी उतार कापायचा आणि मग तो खाली आला म्हणून विमा मागायचा, हे जमणार नाही.

बंद घरांचाही प्रश्न आहे. मालक मुंबईत किंवा आखातात, गावच्या घराला वर्षातले दहा महिने कुलूप. जुन्या पॉलिसीत घर ३० दिवसांहून अधिक रिकामं राहिलं तर संरक्षण थांबायचं. म्हणून घर बंद असतं हे विमा घेतानाच कंपनीला लेखी कळवावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं.

मुस्लिम घरांत याआधी आणखी एक प्रश्न येतो, विमा जायज आहे का? प्रश्न नवा नाही. १८३६ मध्ये वारलेले दमास्कसचे फकीह इब्न आबिदीन यांनी व्यापाऱ्यांच्या सागरी विम्याची चर्चा केली आणि त्याला विरोध केला. पुढे परस्पर मदतीच्या तत्त्वावर ‘तकाफुल’ची कल्पना आली. १९७९ मध्ये सुदानमध्ये तशी कंपनी निघाली, १९८४ मध्ये मलेशियाने कायदा केला. ज्याला शंका असेल त्याने जाणत्या आलिमांना जरूर विचारावं. पण विचारावं पावसाळ्याआधी.

पूर ओसरला की माणूस पहिलं काम करतो ते चिखल काढायचं. भिजलेली गादी, फुगलेलं कपाट, बंद पडलेला फ्रिज रस्त्यावर येतो आणि नगरपालिकेची गाडी तो उचलून नेते. रोगराई टाळायला ते आवश्यकच असतं. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तोवर घरात धुतलेली फरशी उरलेली असते. तो विचारतो, घरात काय होतं? तेव्हा तोंडी उत्तर पुरत नाही.

म्हणून विमा काढा अगर काढू नका, मे महिन्यात एक काम करा. मोबाईल घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून दाखवा, मोठ्या वस्तूंच्या पावत्यांचे फोटो घ्या आणि ते सगळं गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर सामान टाकण्याआधी त्याचेही फोटो काढा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. कपडे आणि भांडी या दोन शब्दांपलीकडे आपल्या घरात काय होतं, हे आपल्याशिवाय दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही.