दोन शिलिंगांचं फुकट तिकीट

विल्यम हटनला ब्रिटिश म्युझियमचं तिकीट मिळालं ते ब्लॅकने. गोष्ट डिसेंबर १७८४ मधली. खरं तर त्या तिकिटाला काही किंमतच नव्हती. म्युझियम सगळ्यांना फुकट होतं. पण तिकीट हवं असेल तर आधी लेखी अर्ज करायचा, त्यात नाव, पत्ता आणि आपण कोण, काय करतो ते लिहायचं, ते दारवानाच्या वहीत चढायचं, वरचे साहेब बघून ठरवायचे, आणि मग पुन्हा एकदा खेप घालून तिकीट घेऊन जायचं. यात आठवडेच्या आठवडे जात. बर्मिंगहॅमहून थोड्या दिवसांसाठी लंडनला आलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. सुदैवाने तिकीट असलेला एक जण हटनला भेटला आणि दोन शिलिंगांपेक्षा थोडे कमी घेऊन त्याने ते सोडलं.

पुढे जे झालं ते हटनने दुसऱ्याच वर्षी छापलेल्या आपल्या लंडनच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. साधारण दहा जणांचा घोळका जमला. कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. घोळका भराभर चालायला लागला. हटनला नवल वाटलं. त्याने विचारलं, या वस्तू काय आहेत ते सांगणारं इथे कुणी नाही का? पुढे चालणारा उंच, सभ्य दिसणारा तरुण वळला आणि जरा तडकूनच बोलला. अख्ख्या म्युझियममधलं सगळं मी तुम्हाला सांगत बसू का, ते शक्य तरी आहे का, आणि बऱ्याच वस्तूंवर नावं लिहिलेली नाहीत का, असा त्याचा सूर.

हटन गप्प झाला. पुन्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही, असं तो स्वतःच सांगतो. बाकीचेही दबले, पावलं आणखी भरभर पडायला लागली, बोलणं कुजबुजीवर आलं. महिनाभर बघायला पुरेल असा तो वाडा साधारण अर्ध्या तासात संपला.

आपल्याकडे मोठ्या देवस्थानात दर्शनाला गेलेल्यांना हा अर्धा तास वेगळा समजावून सांगायला नको. ‘चला, पुढे चला’ म्हणत खांद्याला हात लावणारा सेवेकरी आठवला की पुरे.

मला हटनच्या तक्रारीत आवडतं ते हे, की तो ‘मी कोण आहे माहीत आहे का’ म्हणत नाही. तो सरळ हिशोब मांडतो. एका दालनात हजार वस्तू आणि मिनिटं दोन, म्हणजे प्रत्येकीवर एकेक नजर टाकायलाही वेळ नाही. चार शब्द कुणी सांगितले असते तर केवढं हाती लागलं असतं, ही त्याची खंत. आज त्याने एक स्टार देऊन विषय संपवला असता. त्या काळात पुस्तक छापावं लागायचं, आणि पुस्तकं विकणं हा तर त्याचा धंदाच होता.

हा माणूस कोण, ते कळलं की तो प्रसंग जास्त लागतो. हटनचा जन्म १७२३ चा, डर्बीचा. सातव्या वर्षी त्याला तिथल्या रेशमाच्या गिरणीत कामाला लावलं. उंची इतकी कमी की यंत्रापर्यंत हात पोचावा म्हणून पायांना उंच खडावा बांधाव्या लागल्या. सात वर्षं तिथे काढली, मग नॉटिंगहॅमला काकाकडे मोजे विणण्याची उमेदवारी. पुस्तकं बांधायला तो आपला आपण शिकला, १७५० मध्ये बर्मिंगहॅमला छोटंसं दुकान टाकलं, पुढे कागदाच्या व्यापारात पैसा केला आणि त्या शहराचा पहिला इतिहास लिहिला. जे काही मिळवलं ते विचारून, वाचून, धडपडून. अशा माणसाला साठी उलटल्यावर ज्ञानाच्या दारात ‘विचारू नका’ असं ऐकावं लागलं.

आणि ते दार त्याचंच होतं की. हॅन्स स्लोन या डॉक्टरने जमवलेला संग्रह १७५३ मध्ये पार्लमेंटने त्याच्या वारसांकडून वीस हजार पौंडांना घेतला, आणि म्युझियमसाठी पैसा उभा केला तो लॉटरी काढून. १५ जानेवारी १७५९ रोजी ब्लूम्सबरीतल्या माँटेग्यू हाउस या जुन्या वाड्यात दारं उघडली. कायदा म्हणत होता की हे सगळ्या जनतेसाठी. विश्वस्तांच्या मनात मात्र धाकधूक होती. त्यांच्यातले एक, जॉन वॉर्ड, सामान्य लोकांना मोकळं सोडण्याच्या विरोधात होते. गर्दी आवरणार नाही आणि लोक आपल्या ग्रंथपालांचाच अपमान करतील, ही त्यांची भीती. म्हणजे उद्धटपणाची काळजी सुरुवातीपासून होती, फक्त ती उलट बाजूने होती.

त्या तरुणाची बाजूही ऐकायला हवी. हटनने त्याचं नाव दिलेलं नाही. पण म्युझियमने नोकरीला ठेवलेली माणसं कोण होती? डॉक्टर, धर्मोपदेशक, निसर्गाचे अभ्यासक. कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास करून आलेला डॅनियल सोलँडर त्यांच्यातलाच. हस्तलिखितं लावायची, कवचं आणि वनस्पती वर्गवार मांडायच्या, हे त्यांचं काम. त्यात घड्याळ बघून अनोळखी लोकांचे घोळके फिरवून आणायचे. एक घोळका रेंगाळला की मागचा येऊन आदळणार. तोच वाडा, तेच जिने, तेच प्रश्न. तडकणं समर्थनीय नाही, पण ते कुठून आलं हे दिसतं.

हटनला तर ते सगळ्यांत जास्त दिसायला हवं होतं, कारण दुसरीकडे तो स्वतःच त्या तरुणाच्या जागी बसायचा. बर्मिंगहॅमच्या ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’चा तो आयुक्त होता. किरकोळ उधारीचे तंटे तिथे वकील आणि ज्युरीशिवाय झटपट निकालात निघत. वर्षानुवर्षं हजारो माणसं त्याच्यासमोर उभी राहिली, आपलं गाऱ्हाणं पुरतं सांगून होण्याआधीच काहींचा निकाल लागला असेल. हटनला आपल्या निवाड्यांचा अभिमान होता, त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. पण हरलेल्यांना तो कसा वाटत असेल? जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅमला दंगल उसळली. जमावाचा राग मुख्यतः जोसेफ प्रीस्टली आणि इतर धर्मभिन्न मंडळींवर होता, आणि हटनही त्यांच्यातलाच. त्याचं दुकान फोडलं, गावाबाहेरचं घर जाळलं. या रागात कोर्टाचाही वाटा होता, असं त्याचं स्वतःचं मत.

म्युझियममध्ये बदल झाला तो हळूहळू. १८०८ मध्ये संग्रहाची माहितीपुस्तिका छापली गेली. १८१० पासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस नीटनेटक्या पोशाखातल्या कुणालाही तिकिटाशिवाय आत सोडायला लागले, आणि घोळके करून फिरवणं बंद झालं. गंमत म्हणजे, वस्तूंवर नावं लिहिलेली आहेत, ती वाचा, हे त्या तरुणाचं उर्मट उत्तरच पुढे म्युझियमची रीत झालं. दालनात उभ्या माणसाचं काम सांगण्याचं राहिलं नाही, लक्ष ठेवण्याचं झालं. आणि नीटनेटकं कोण, हे दारावरच्याच कुणीतरी माणसाकडे बघून ठरवायचं. मला हा नियम जुन्या अर्जापेक्षा फारसा कमी अपमानाचा वाटत नाही, फक्त त्याला वेळ कमी लागायचा.

सणासुदीला, म्हणजे कामगारांना सुट्टी असायची नेमकी तेव्हाच, म्युझियम बंद. १८३५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने याबद्दल विचारलं, तेव्हा मुख्य ग्रंथपाल हेन्री एलिस यांनी सांगितलं की गोदीतले खलाशी आणि त्यांच्याबरोबरच्या मुली आल्या, तर वरच्या थरातल्या लोकांना त्याच वेळी यायला आवडणार नाही. समितीने त्यांचं ऐकलं नाही. १८३७ च्या ईस्टर सोमवारी दारं उघडी ठेवली. एका दिवसात वीस हजारांहून जास्त माणसं आली, दालनांतून आपापल्या चालीने हिंडली आणि काहीही न मोडता घरी गेली.