प्लेस्कच्या दोन व्ह्यूंची कुळकथा

सारख्याच क्षमतेचे दोन सर्व्हर, दोहोंवर प्लेस्क हेच कंट्रोल पॅनेल, आणि 8443 या पोर्टावरून दोन्हीकडे मुख्य प्रशासकाच्याच अधिकाराने लॉगिन केलेले; तरीही एकाच्या पडद्यावर डाव्या हाताला ग्राहक, रीसेलर, सेवायोजना यांची रांग उभी राहते आणि दुसऱ्यास स्वतःची संकेतस्थळे, टपाल, फाइली व डेटाबेस एवढाच संसार दिसतो, या भेदाचे मूळ शोधू गेल्यास होस्टिंगच्या धंद्याच्या आरंभकाळापर्यंत मागे जावे लागते.

निक कोस्टन याने 1996 साली सी-पॅनेल हे दुसरे कंट्रोल पॅनेल रचले, आणि 1999 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात होस्टचा कारभार पाहणारा वेब होस्ट मॅनेजर हा निराळा विभाग आला. एक सर्व्हर अनेकांस भाड्याने देणाऱ्या मालकाचा कारभार आणि त्यातील एका कोपऱ्याच्या कुळाचा कारभार हे स्वभावतःच भिन्न असल्यामुळे पुढे मालकाने 2087 या पोर्टाने यावे व कुळाने 2083 ने यावे अशी वहिवाट पडली. ही विभागणी भूमिकेवरून झालेली होती, आणि म्हणूनच ती मला सर्वथैव न्याय्य वाटते.

रशियातील नोवोसिबिर्स्क येथे घडलेल्या आणि 2003 साली एसडब्ल्यूसॉफ्टच्या ताब्यात गेलेल्या प्लेस्कने मात्र दरवाजा एकच ठेवला, आणि येणाऱ्याचा अधिकार पाहून त्यास दालन दाखविण्याची पद्धत स्वीकारली. परंतु व्हीपीएस स्वस्त होऊ लागले तसा एक नवाच मनुष्य या दरवाजाशी येऊन उभा राहिला : अधिकाराने मुख्य प्रशासक, पण हाताखाली एकही ग्राहक नाही, संपूर्ण सर्व्हर घेतलेला, पण केवळ आपल्याच चारदोन संकेतस्थळांसाठी. त्याला सेवायोजनांचा पसारा काय कामाचा? त्याच्याकरिता सुटसुटीत ‘पॉवर युजर व्ह्यू’ सिद्ध झाला, आणि होस्टिंगचा व्यवसाय करणाऱ्यांकरिता ‘सर्व्हिस प्रोव्हायडर व्ह्यू’ राहिला. यांतील कोणता घ्यावा, हा प्रश्न त्या काळी केवळ सोयीचा होता.

2014 साली प्लेस्कची बारावी आवृत्ती आली, आणि तिने लायसन्सच्याच आवृत्त्या पाडल्या. पुढे स्थिरावलेल्या व्यवस्थेप्रमाणे ‘वेब अ‍ॅडमिन’च्या परवान्यावर 10 डोमेन मिळतात, परंतु ग्राहकांची खाती उघडण्याची मुभा नसते, ‘वेब प्रो’वर 30 डोमेन व ग्राहकखाती मिळतात, ‘वेब होस्ट’वर डोमेनांना मर्यादा नसते आणि रीसेलरही नेमता येतात. ज्यास ग्राहकच ठेवता येत नाहीत त्यास ग्राहकांचा पडदा कशासाठी, या सरळ तर्काने वेब अ‍ॅडमिनधारकाच्या वाट्यास पॉवर युजर व्ह्यू तेवढा आला, आणि वेब प्रोच्या धारकास सर्व्हिस प्रोव्हायडर व्ह्यू लाभूनही त्यातील रीसेलरांचे कलम मिळाले नाही. अशा रीतीने, जे दृश्य पूर्वी मनुष्याच्या व्यवसायावरून ठरत असे, ते त्याने भरलेल्या रकमेवरूनही ठरू लागले. सी-पॅनेलनेही 2019 साली दर बदलले. परंतु तेथे सोलोस 1, अ‍ॅडमिनला 5, प्रोला 30 अशी खात्यांची गणती ठरली, आणि परवाना लहान झाला म्हणून होस्टचे दालन काही नाहीसे झाले नाही.

प्लेस्कच्या या रचनेत माझा आक्षेप दर आकारण्यास नाही, मौनास आहे. पडद्यावरून एखादे कलम गायब दिसते तेव्हा त्यामागे धारकाची स्वतःची निवड असू शकते, परवान्याची मर्यादा असू शकते, किंवा सर्व्हर देणाऱ्या होस्टने कमांड लाइनवरील ‘पॉवरयुजर’ या उपयोजनेस लॉकचा पर्याय जोडून ते दृश्य कायमचे बांधूनही ठेवलेले असू शकते. आणि पाहणाऱ्यास तिन्ही प्रसंगी दिसते ती तीच रिकामी जागा. नवखा प्रशासक बिचारा प्लेस्क पुन्हा इन्स्टॉल करावयास निघतो. वास्तविक त्याने ‘टूल्स अँड सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रथम लायसन्सची आवृत्ती वाचावी, आणि ती वेब प्रो अथवा वेब होस्ट निघाली तरच व्ह्यू बदलण्याच्या खटपटीस लागावे, तेवढ्यानेही व्ह्यू बदलेनासा झाला, तर होस्टकडे लॉकविषयी विचारणा करावी.