जयपूरच्या शाळांत इंटरनेट येते तेव्हा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेही आधी मोजक्या महानगरांत. जयपूरला वाट पाहावी लागली. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर नुसता मजकूर उमटे; चित्रांचे नाव नको!

सरकारी शाळांसाठी मोठी हालचाल झाली ती २००५ मध्ये. वसुंधरा राजे मुख्यमंत्री असताना ‘राजस्थान एज्युकेशन इनिशिएटिव्ह’ सुरू झाला. नमुना जॉर्डनमधील अशाच उपक्रमाचा, पाठबळ वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि भारतीय उद्योग महासंघाचे. सरकार, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था एकाच पंगतीला बसल्या.

या उपक्रमात शाळांत संगणक बसवणे सोपे होते. पण वीज गेली की तास बुडे, आणि माउस हाती न धरलेल्या गुरुजींना मुलांपुढे उभे राहणे जड जाई. म्हणून यंत्रांबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षणही उपक्रमात घेतले गेले.